अ‍ॅव्हरेजचा आकडा सांगून ‘टीटी परवडते’ म्हणणे आता पुरे

टिळकवाडीकर

काल या मंचावरील एका सभासदाने लिहिले की त्यांची तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी, म्हणजे त्या जर्मन कंपनीची दोन दारांची ठेंगणी स्पोर्ट्स मोटार, महामार्गावर लिटरला 14 किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देते, जुन्या बाजारात ती पंचवीस लाखांच्या आसपास मिळते, आणि म्हणून नव्या एसयूव्हीऐवजी बेळगावच्या माणसाने ती निर्धास्तपणे घ्यावी. एवढ्यावर न थांबता त्यांनी शंका घेणाऱ्यांना ‘मारुतीच्या मनोवृत्तीचे’ असे संबोधले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी त्यांचाच आकडा खरा धरू. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली, तर 14 ला सुमारे 714 लिटर पेट्रोल लागेल आणि 10 चे धरले तर 1000 लिटर. फरक 286 लिटरचा, म्हणजे साधारण तीस हजारांचा. 245 रुंदीच्या, 18 इंची चाकांच्या टायरांचा एक संच बदलला की हा सगळा फरक बुडतो, आणि आपल्याकडचे रस्ते पाहता तो संच झिजून नव्हे, फुटून बदलावा लागतो. विमा, ब्रेकच्या डिस्क, गिअरबॉक्सचे तेल आणि दुसऱ्या शहरातील सेवाकेंद्रापर्यंत मोटार पाठवण्याचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. ज्या मोटारीच्या खर्चात पेट्रोल हा लहान हिस्सा आहे, तिच्या अ‍ॅव्हरेजवरून ती परवडते की नाही हे ठरवणे म्हणजे लग्नाचा खर्च अक्षतांच्या भावावरून काढणे होय.

आणि 14 हा आकडा तरी कोठून आला? काट्याशेजारच्या पडद्यावरून. टाकी काठोकाठ भरून, अंतर लिहून, पुन्हा काठोकाठ भरून काढलेला आकडा कोणी दिला तर मी तो वाचायला तयार आहे.

कॅम्पचा टीटीवाला

ज्या लिखाणाने टिळकवाडीकरांची झोप उडाली ते माझे आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो.

माझी मोटार 1984 सीसीच्या टर्बो इंजिनाची, 230 अश्वशक्तीची आणि चारही चाकांना शक्ती देणारी आहे. शून्य ते शंभर 5.3 सेकंदांत जाणाऱ्या मोटारीने महामार्गाच्या हत्तरगी ते कोगनोळी टप्प्यात 14 द्यावे यात अविश्वसनीय काय आहे? सहाव्या गिअरमध्ये नव्वदच्या वेगाला इंजिन जेमतेम जागे असते, आणि इंधन वाचवणाऱ्या ‘एफिशियन्सी’ मोडमध्ये पाय उचलला की क्लच सुटून मोटार नुसती घरंगळत राहते. तवंदी घाट उतरताना याचा प्रत्यय येतो. शहरात ती 8 ते 9 देते, हेही मी लिहिले होते. ते वाक्य टिळकवाडीकरांनी सोयीस्करपणे गाळले.

टायरांचे म्हणाल, तर महागडा टायर स्कोडा ऑक्टाव्हियाच्या वेगवान आवृत्तीवाल्यालाही घ्यावा लागतो. त्याला कोणी परवडण्याचे प्रवचन देत नाही. सुट्या भागांचा बागुलबुवाही असाच आहे. तिसऱ्या पिढीची टीटी फोक्सवॅगन गोल्फ आणि ऑक्टाव्हिया ज्या पायावर उभ्या आहेत त्याच एमक्यूबी पायावर, म्हणजे त्या समूहाच्या अनेक मोटारींच्या सामाईक मूळ सांगाड्यावर, उभी आहे, आणि 230 अश्वशक्तीचे त्याच कुळातील इंजिन भारतात विकल्या गेलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्येही होते. त्यामुळे फिल्टर, कॉइल, पाण्याचा पंप या गोष्टींसाठी जर्मनीकडे डोळे लावून बसावे लागत नाही. एखादा बुश किंवा ब्रॅकेट हवा असेल, तर बेळगावच्या ज्या उद्यमबागेत पंपांचे आणि मोटारींचे भाग घडतात, तेथे तो करून देणारे हात आहेत.

घसाऱ्याचे गणित तर माझ्याच बाजूने आहे. 2015 मध्ये ही मोटार सुमारे साठ लाखांना, तीही करापूर्वीच्या किमतीला, विकली जात होती. त्यातील तीस-पस्तीस लाख पहिल्या मालकाने सोसले. नवी एसयूव्ही घेणारा पहिल्या पाच वर्षांत जे गमावतो ते मी गमावत नाही. याला मनोवृत्ती म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

जांबोटीचा प्रवासी

दोघांनीही मूळ मुद्दा सोडला आहे. ही मोटार चालवायची कोठे? गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटाची अवस्था पावसाळ्यानंतर कशी असते हे येथे कोणाला सांगायला नको. कणकुंबीपर्यंत एकेक खड्डा चुकवत दुसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्याला 14 काय आणि 10 काय. माझ्या साध्या हॅचबॅकचे रिम त्या रस्त्यावर वाकले. टीटीचे बुड तर जमिनीला टेकेल.

गोव्यात पेट्रोल स्वस्त आहे म्हणून टाकी तिकडे भरून आणावी, असा सल्लाही मागे याच मंडळींपैकी कोणीतरी दिला होता. लिटरमागे सहा रुपये वाचले असे धरले, तरी 55 लिटरच्या टाकीत 330 रुपये वाचतील, आणि हद्दीपर्यंत जाऊन येण्यात हजाराचे पेट्रोल जळेल.

माजी वर्कशॉपवाला, शहापूर

अंतराची आणि खड्ड्यांची चर्चा बाजूला ठेवून तेलाकडे येऊ. टीटीवाल्यांची तिसऱ्या पिढीची आहे म्हणून ते सुटले. बाजारात पंधरा लाखांच्या खाली जी टीटी दिसते ती दुसऱ्या पिढीची असते, आणि त्या काळातील ऑडीच्या दोन लिटर टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांच्या एका तुकडीत पिस्टनच्या रिंगांमुळे इंजिन ऑइल जळण्याची आणि टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती साखळी ताणून धरणारा भाग, निकामी होण्याची तक्रार जगभर नोंदली गेली आहे. हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल लागणे कंपनीच्या पुस्तिकेत मर्यादेतच धरलेले होते. म्हणजे दहा हजार किलोमीटरमध्ये पाच लिटर महागडे सिंथेटिक तेल नुसते वरून ओतायचे, आणि मग पेट्रोलचे अ‍ॅव्हरेज सांगायचे.

सहा गती असलेल्या, तेलात बुडालेल्या क्लचच्या डीएसजीचे (दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे) तेल आणि फिल्टर 60,000 किलोमीटरला बदलावेच लागतात. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या हाल्डेक्स जोडणीचे तेल वेगळे. मागील मालकाने हे केले की नाही याचा कागद नसेल, तर ते केलेले नाही असे धरूनच भाव करावा. चालवायला ही मोटार उत्तम आहे, याबद्दल माझा वाद नाही.

खानापूर रोड

पेट्रोलच भेसळीचे झाल्यावर अ‍ॅव्हरेजवर वाद घालण्यात काय अर्थ? पंपावर सरसकट 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागल्यापासून माझ्या जर्मन सेडानचे अ‍ॅव्हरेज स्पष्टपणे घसरले आहे. जुन्या युरोपीय मोटारी 10 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनल्या आहेत, त्यांच्या रबरी नळ्यांचे काय होणार याची हमी द्यायला कोणी तयार नाही, आणि दर मात्र एका पैशाने कमी झालेला नाही. साखर कारखानदारांच्या तिजोरीसाठी आमच्या इंजिनांचा बळी दिला जात आहे. वर हिवाळ्यात त्यांच्याच उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन जोडून रस्त्याच्या मधून चालतात.

चिकोडीचा ऊसवाला

खानापूर रोडवरील साहेबांनी ‘भेसळ’ हा शब्द परत घ्यावा. घरात ऊस पिकवणारा माणूस येथे वाचत असतो हे त्यांनी लक्षात ठेवावे.

साधे पेट्रोल पूर्वी 91 ऑक्टेनचे मिळत होते; ऑक्टेन म्हणजे इंधन इंजिनात अवेळी पेटण्याला किती विरोध करते त्याचे माप. 20 टक्के मिश्रणासाठी भारतीय मानक ब्युरोने किमान 95 ऑक्टेनची अट घातली आहे, आणि ऑक्टेन वाढतो तो इथेनॉलमुळेच. आपल्या ज्या टर्बो मोटारीच्या टाकीच्या झाकणावर किमान 95 ऑक्टेन वापरा असे लिहिलेले असते, तिला पूर्वी ‘प्रीमियम’ म्हणून लिटरमागे जास्त पैसे मोजून जे द्यावे लागत होते, ते आता साध्या नळातून मिळते. याचे आभार कोणी मानले नाहीत.

तिजोरीचे म्हणाल, तर 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला किमान दर 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 355 रुपये होता, आणि तेवढ्यासाठीही आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला रस्त्यावर बसावे लागते. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर सरकार ठरवते, तो लिटरला 65.61 रुपये आहे, आणि त्याचा चेक कारखान्याला मिळतो, मला नाही. शिवाय आता देशातील इथेनॉलचा मोठा वाटा मक्यापासून येतो. आपल्या पंचवीस लाखांच्या खेळण्याचे अ‍ॅव्हरेज घटले म्हणून शिव्या उसाला का?

खानापूर रोड

खेळणे कोणाचे आणि अनुदान कोणाचे, हा हिशेब काढायला लावू नका.

ऑक्टेन वाढतो हे मान्य, कारण ते मान्य न करून चालणारच नाही. परंतु लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, हेही आपण मान्य करा. पाचव्या भागात एक-तृतीयांश घट म्हणजे एकूण सहा-सात टक्के ऊर्जा कमी, हे शाळकरी गणित आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या, 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींबाबत सहा ते सात टक्के घट नोंदवलेली आहे. म्हणजे कॅम्पच्या टीटीवाल्यांचे 14 आता 13 झाले असणार. ऊर्जा कमी दिली तर दरही कमी हवा, एवढेच म्हणणे आहे.

चिकोडीचा ऊसवाला

दर कमी करण्याची मागणी बंगळूरला आणि दिल्लीला करा. कर्नाटकाने 2024 च्या जूनमध्ये पेट्रोलवरील विक्रीकर 25.92 वरून 29.84 टक्क्यांवर नेला तेव्हा लिटरमागे तीन रुपये वाढले, आणि त्यात उसाचा काहीही संबंध नव्हता. ट्रॉलीला रिफ्लेक्टर हवा, हे मात्र मीही गावात सांगतो आणि शिव्या खातो. माझ्या चुलतभावाचा पाय अशाच एका ट्रॉलीला मागून धडकून गेला आहे, त्यामुळे त्या विषयावर मला कोणी शिकवू नये.

टिळकवाडीकर

ऊसवाल्या साहेबांच्या घरच्या प्रसंगाबद्दल वाईट वाटले. ट्रॉलीच्या बाबतीत आपण एका बाजूला आहोत असे दिसते.

आता पुन्हा हिशेबाकडे. टीटीवाल्यांनी घसारा पहिल्या मालकावर ढकलला, तो मुद्दा त्यांना भेट म्हणून देतो. वर्षातून एखादा बरोबर मुद्दा मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु ऑडीने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये हंगेरीतील ग्यॉर येथे शेवटची टीटी बनवून हे उत्पादन बंद केले. इंजिनाचे भाग ऑक्टाव्हियात सापडतील. दार, काच, बंपर आणि हेडलाइट ऑक्टाव्हियात सापडणार नाहीत. एका दुचाकीस्वाराने फिश मार्केटमध्ये दिवा फोडला तर किती महिने वाट पाहायची? तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा दर 1500 सीसीच्या वरच्या सर्व खासगी मोटारींना सारखाच, 7,897 रुपये, आहे हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात मात्र अशा मोटारीचे खरे रूप दिसते, विशेषतः घसारा न कापता भरपाई देणारे संरक्षण जुन्या मोटारीला नाकारले जाते तेव्हा.

कॅम्पचा टीटीवाला

भेटीबद्दल आभार. परतभेट म्हणून टाकी ते टाकी काढलेला आकडा देतो, म्हणजे टिळकवाडीकरांना शांत झोप लागेल: बेळगाव ते कोल्हापूर आणि परत, वातानुकूलन चालू, शंभरच्या आत वेग, 12.6. पडदा त्याच वेळी 13.8 दाखवत होता. उरलेले इथेनॉलच्या नावावर लिहा किंवा माझ्या उजव्या पायाच्या, मला फरक पडत नाही. युरोपातील जुन्या चाचणीचे आकडे तर याहूनही वर होते, पण ती चाचणी 20 मिनिटांत 11 किलोमीटर, तीही प्रयोगशाळेतील रोलरांवर, सरासरी तेहतीसच्या वेगाने होत असे. त्यावर विश्वास ठेवणाऱ्याने वंटमुरी घाट चढून पाहावा.

दिव्याची भीती खरी आहे. म्हणूनच मी फिश मार्केटला स्कूटरवरून जातो.

निपाणीचा इच्छुक

सर्वांचे वाचले. मी पुण्यातील एक 2016 ची टीटी पाहून आलो आहे, सौदा जवळजवळ ठरला आहे. एका मित्राचे म्हणणे आहे की कर्नाटकात वीस लाखांवरील मोटारीला 18 टक्के आजीवन कर आणि वर उपकर आहे, तेव्हा पुण्याचे एमएच-12 पासिंग तसेच ठेवावे किंवा कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या नावे एमएच-09 करून घ्यावी. निपाणीत निम्म्या मोटारी तशाच फिरतात.

माजी वर्कशॉपवाला, शहापूर

फिरतात आणि कोगनोळीपासून संकेश्वरपर्यंत अडवल्याही जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवी नोंदणी घ्यावी लागते. लाल रंगाची ठेंगणी टीटी निपाणीत वर्षभर कोणाच्या डोळ्यांत येणार नाही, असे आपल्याला वाटत असेल तर प्रश्न वेगळा. नातेवाइकाच्या नावे मोटार आणि अपघातानंतर विमा कंपनीशी पत्रव्यवहार, ही जोडी मी दुकानात बसून पाहिलेली आहे. मोटार वर्षभर शेडमध्ये धूळ खात पडली होती.

नव्या मोटारीचा पूर्ण 18 टक्के कर आपल्याला लागणार नाही. जुन्या मोटारीला वयानुसार तो कमी होतो, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो. तेव्हा कराची रक्कम चिकोडीच्या आरटीओत आधी विचारून घ्या, केए-23 चे पासिंग गृहीत धरून ती सौद्याच्या किमतीतून वजा करून बोला, आणि पुण्याच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत बयाण्यापलीकडे एक रुपयाही देऊ नका. मोटार बघायला जाताना सकाळी, इंजिन थंड असताना जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

कॅम्पचा टीटीवाला

आणि मागचे टायर कोणत्या वर्षाचे आहेत ते वाचा. चार आकड्यांपैकी शेवटचे दोन.