मदत हवी आहे: मुलाच्या ताब्याच्या केसमध्ये गुपचूप केलेलं कॉल रेकॉर्डिंग चालतं का?

अस्वस्थ_आई: पुढच्या तारखेला पुरावे द्यायचेत. रेकॉर्डिंगमध्ये मुलाचा बाबा सरळ म्हणतोय, ‘पोराला भेटूच देणार नाही.’ वकील नुसतं ‘बघू’ म्हणतात. चालतं की नाही, एवढंच सांगा.

सदाशिव_के: कोण कोणाशी बोलतंय? रेकॉर्ड कोणी केलं?

मीच_तो: बिनधास्त द्या! १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय, नवरा-बायकोचं गुपचूप रेकॉर्डिंग पुराव्यात घेता येतं.

वकिलीण: अर्धवट सांगू नका. ते प्रकरण घटस्फोटाचं होतं. रेकॉर्डिंग दाखल होणं वेगळं, त्याला वजन मिळणं वेगळं. ताब्याच्या दाव्यात कोर्ट आधी मुलाचं हित बघतं. चिडून बोललेल्या एका वाक्यावर निकाल लागत नाही.

मीच_तो: माझ्या केसमध्ये रेकॉर्डिंगनेच काम झालं.

टेक_नाना: ॲप कुठलं? गुगलने २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या इतर कंपन्यांच्या कॉल रेकॉर्डिंग ॲप्सची वाट बंद केलीय.

शुभदा_प: ताई, पोटगीचा अर्ज केलात का? आधी तो करा.

अस्वस्थ_आई: पोटगीचं विचारलंच नाहीये! काही कॉल माझे आहेत, काही मुलाच्या फोनवरचे, तो बाबाशी बोलतो तेव्हाचे. मुलगा ९ वर्षांचा आहे.

सदाशिव_के: हे आधी सांगायला हवं होतं.

वकिलीण: तुमचे स्वतःचे कॉल द्या. मुलाचे देण्याआधी दहादा विचार करा, त्या बोलण्यात तुम्ही नाही. नवऱ्याने बायकोचे इतरांशी झालेले फोन चोरून टेप केले होते, ते आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नाकारले. शिवाय समोरचा वकील म्हणेल, आई पोरावर पाळत ठेवते. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये स्वतः बोलू शकतात, तसा अर्ज करा.

मीच_तो: आईने काळजीपोटी केलं तर गुन्हा कसला?

वकिलीण: गुन्हा म्हटलेलं नाही. मुलाच्या मनाचं काय, ते विचारतेय. आणि ताई, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचा कोड) असते, एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोन आहे ना?

अस्वस्थ_आई: फोन बदलला. फाइल्स पेनड्राइव्हवर आहेत.

टेक_नाना: जुना फोन कुठंय? रीसेट मारला का?

अस्वस्थ_आई: भावाकडे आहे, तो वापरतोय.

वकिलीण: आत्ता फोन करा त्यांना. काही डिलीट करू नका म्हणावं, बंद करून ठेवायला सांगा.