ऑन्कोलिटिक व्हायरस: कर्कभक्षी, कर्कलयी की आणखी काही?

रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात ‘ऑन्कोलिटिक व्हायरस’, म्हणजे कर्करोगावर औषध म्हणून वापरले जाणारे विषाणू, जागोजागी आहे. ‘जीवाणुभक्षी’च्या (जीवाणूंना मारणारा विषाणू, बॅक्टेरिओफेज) चालीवर ‘कर्कभक्षी विषाणू’ चालेल?

---

खात तर जीवाणुभक्षीही नाही, पण तो शब्द आता रुळला. नवा घडवताना तरी क्रिया नीट पाहू या. विषाणू कर्कपेशीत शिरतो, तिथं स्वतःच्या प्रती काढतो, पेशी फुटते, प्रती शेजारच्या पेशींत जातात. शिवाय फुटलेल्या पेशीतला ऐवज बाहेर पडल्यानं प्रतिकारशक्ती जागी होते. ‘कर्कलयी’ घ्या, सुटसुटीत आहे.

---

‘लयी’ला माझा सक्त विरोध. लय म्हटलं की वाचणाऱ्याला समूळ नाशच दिसणार. टी-व्हेक या अशाच विषाणूच्या औषधाला अमेरिकेत २०१५ साली मेलानोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग) मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत निदान सहा महिने टिकलेला प्रतिसाद सुमारे १६ टक्के रुग्णांत होता, तुलनेच्या गटात २ टक्के. फरक मोठा आहे, पण याला लय कोण म्हणेल? फुटते ती पेशी. ‘रणगाडाभेदी’सारखं ‘कर्कपेशीभेदी’ करा.

---

भेद बाहेरून होतो, हा आतून फोडतो! पण शीर्षकापुरतं चालेल. मजकुरात सरळ ‘कर्कपेशी फोडणारा विषाणू’ लिहा.

खरा खड्डा पुढे आहे, ताई. टी-व्हेक हर्पिस सिम्प्लेक्सपासून बनवलाय. कोशात पाहून ‘नागिणीचा विषाणू’ लिहू नका. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, तो वेगळा. हा तापानंतर ओठांवर फोड आणणारा. निरोगी पेशीत त्याला नीट वाढता येऊ नये म्हणून त्याचं एक जनुक काढलंय, आणि प्रतिकारपेशींना चेतवणारं एक माणसाचं जनुक घातलंय. म्हणून ‘दुबळा केलेला’ एवढंच म्हणणं अपुरं, ‘जनुकं बदललेला’ म्हणा.

---

नागीण मसुद्यात दोनदा आहे, आजच काढते. आणि ‘लस’? मूळ इंग्रजीत एके ठिकाणी तसं म्हटलंय.

---

मराठीत नको. कर्करोगाची लस म्हटलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची, म्हणजे एचपीव्हीची लस आठवते, आणि ती आजार होऊ नये म्हणून घ्यायची. इथं आजार झालेला आहे, औषध थेट गाठीत टोचतात. ‘गाठीत दिलं जाणारं इंजेक्शन’ लिहा. लांब आहे खरं, पण घरी जाऊन कुणी मुलांनाही टोचून घेऊ का, असं विचारणार नाही.