शब्दचर्चा: उतारा, टप्पा, तिठा, फाटा

प्रश्न

वाचकाने वाट निवडायची आणि त्याप्रमाणे गोष्ट वळायची, अशी एक कथा ट्वाइनसाठी (अशा कथा बनवण्याचं सॉफ्टवेअर) मराठीत लिहिते आहे. लिहिणं सगळं फोनवर. चौकटी आणि बाणांचा नकाशा छोट्या पडद्यावर सरकवत बसणं जमत नाही, म्हणून ट्वी या ट्वाइनच्याच पद्धतीने साध्या मजकुरात लिहिते (:: पुढे तुकड्याचं नाव; दुहेरी कंसात दुवा, म्हणजे वाचकाला दिसणारे शब्द आणि बाणापुढे पुढच्या तुकड्याचं नाव):

:: विहीर
रहाटाचा आवाज येतोय.
[[खाली उतरा->पायऱ्या]]
[[मागे फिरा->वाडा]]

अशा एका तुकड्याला ट्वाइनमध्ये 'पॅसेज' म्हणतात. सातवीच्या मुलांना हे शिकवताना मी 'उतारा' म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "बाई, खाली प्रश्न किती आहेत?" दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर १

उतारा नकोच. परीक्षेतला उतारा, सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा. आधीच फार कामं आहेत त्याला. परिच्छेदही नको, कारण एका पॅसेजमध्ये तीन परिच्छेद असू शकतात. मी 'तिठा' म्हणेन. तीन वाटा मिळतात तो तिठा. वाचक एका वाटेने येतो, पुढे दोन दिसतात. तुमची विहीर म्हणजे नेमका तिठाच.

उत्तर २

तिठा सुंदर आहे, पण पुढे एकच दुवा असेल तर? तिथे तिठा कुठला? एसटीचा 'टप्पा' घ्या. प्रत्येक तुकडा टप्पा, आणि जिथे निवड करायची तो टप्पा म्हणजे तिठा. दुव्याला 'फाटा' म्हणा. आपल्याकडे गावाकडे वळणाऱ्या रस्त्याला फाटाच म्हणतात आणि त्या फाट्याला पुढच्या गावाचं नाव असतं. ट्वीमध्येही बाणापुढे पुढच्या टप्प्याचंच नाव येतं.

'फाटे फोडणे' हा वाक्प्रचार आड येईल, असं कुणी म्हणेल. येऊ दे. मूळ मुद्दा सोडून भरकटणं वाईट, पण या लेखनप्रकारात फाटे फोडणं हेच लेखकाचं काम आहे. म्हणून प्रकारालाही 'फाटेकथा' म्हणावं असं मला मनापासून वाटतं. 'संवादी कथा' (इंटरॅक्टिव्ह फिक्शन) म्हटलं की मला आधी वादी-संवादी स्वर आठवतात.

प्रश्नकर्ती

टप्पा, तिठा, फाटा! उद्याच फळ्यावर लिहिते. आणखी एक अडचण: 'पायऱ्या'चा फाटा चालत नाही. दुव्यात आणि टप्प्याच्या नावात, दोन्हीकडे अक्षरं तीच आहेत, दहा वेळा पाहिलं.

उत्तर ३

ताई, दिसायला तीच, आतून वेगळी. दोन ठिकाणी दोन वेगळ्या कीबोर्डांवर टाइप केलंत का? हा 'ऱ्य' दोन प्रकारे उमटतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना फरक कळत नाही, ट्वाइनला कळतो. नाव तंतोतंत जुळलं नाही तर त्याच्या लेखी तो टप्पाच नाही. नाव एकदाच टाइप करा आणि बाकी सगळीकडे चिकटवा. किंवा टप्प्याचं नाव 'जिना' ठेवा, वाचकाला ते दिसत नाही. आकड्यांचंही तसंच: मजकुरात ५ खुशाल लिहा, पण सूत्रात मराठी आकडा चालणार नाही, तिथे इंग्रजीच हवा.

उत्तर १

मग 'चल राशी'लाही (व्हेरिएबल) नाव देऊन टाकू. वाचकाने किल्ली उचलली हे कथेने लक्षात ठेवायचं, त्याला 'खूणगाठ'. 'किल्लीची खूणगाठ बांध' म्हटलं की सातवीतल्या मुलाला वेगळं समजावावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती

'जिना' केलं. फाटा चालला.