प्रतिसाद: मोन्शाऊ जिल्हा

वर कुणीतरी म्हटलंय की जर्मनीतले जुने ग्रामीण जिल्हे म्हणजे नुसत्या नकाशावरच्या रेघा, पुसल्या की संपलं. मोन्शाऊचं उदाहरण पाहा. पश्चिम जर्मनीतल्या आखन शहराच्या दक्षिणेला, बेल्जियमला खेटून असलेला हा जिल्हा प्रशियाने (तेव्हाचं एक मोठं जर्मन राज्य) 1816 मध्ये केला. 'जिल्हा' म्हटलं तरी आकाराने आपल्या तालुक्याएवढाच. नाव होतं मोंझ्वा, अगदी फ्रेंच. 1918 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, ते बदलून मोन्शाऊ केलं. (नामांतराची हौस जगभर सारखीच!)

खरी गंमत रेल्वेची. त्या युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने इथली फेनबान ही रेल्वे बेल्जियमला मिळाली, आणि मिळाली म्हणजे रुळांखालची जमीनसुद्धा. त्यामुळे म्युत्सेनिश गाव जर्मनीचंच राहिलं, पण मोन्शाऊला जायचं तर मध्ये रुळांच्या रुंदीएवढा बेल्जियम ओलांडायचा. आता रूळ काढून तिथे सायकलमार्ग केलाय, तरी ती पट्टी अजून बेल्जियमचीच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर जबर कर होता, म्हणून सीमेवरून कॉफीची चोरटी आयात जोरात चाले. श्मिट गावचं युद्धात पडलेलं चर्च पुन्हा उभं राहिलं, त्यात त्या पैशाचाही वाटा होता. लोक त्याला 'सेंट मोका' म्हणतात, मोका म्हणजे कॉफी!

1972 च्या पुनर्रचनेत जिल्हा गेला. बराचसा भाग आखन जिल्ह्याकडे, श्मिट ड्यूरेन जिल्ह्याकडे. पण रद्द झालेल्या जिल्ह्यांची अक्षरं पुन्हा वापरू देणाऱ्या 2012 च्या नियमबदलानंतर गाड्यांच्या नंबरपाट्यांवर मोन्शाऊची 'एमओएन' ही जुनी अक्षरं परत आली, आणि लोक ती हौसेने मागून घेतात.