स्वित्झर्लंड: मे की सप्टेंबर?

मास्तरीणबाई:
"मेमध्ये स्वित्झर्लंड म्हणजे पैसे पाण्यात, शहाण्याने सप्टेंबरातच जावं" ही पोस्ट वाचून डोकंच फिरलं. अहो, शाळेत शिकवणाऱ्यांना सप्टेंबरात रजा कोण देणार, तुमचे तीर्थरूप? आणि लाउटरब्रुनेनची दरी मेमध्ये बघा एकदा, वरचा बर्फ वितळत असतो, श्टाउबबाख धबधबा 297 मीटरवरून भरभरून कोसळतो, ट्रुमेलबाखच्या धबधब्याला तर डोंगराच्या पोटात उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि चष्मा पुसून पुसून हात दुखतात. सप्टेंबरात तोच श्टाउबबाख म्हणजे आमच्या सोसायटीचा दुपारचा नळ.

झुरिककर:
पोस्ट माझीच. धबधबे दिले तुम्हाला, जा. पण फुर्का, ग्रिमसेल हे घाट बहुतेक वर्षी जूनच्या सुमारास उघडतात, मेमध्ये बऱ्याच केबलकार देखभालीसाठी बंद, ग्रिंडेलवाल्डच्या वरची बाखआल्पझे तळ्याची वाट बर्फात. मग चार दिवस चॉकलेटच्या दुकानात फिरायचं का? सप्टेंबरात सगळं उघडं असतं, वर फुलं माळलेल्या गायी घंटा वाजवत डोंगरावरून उतरतात.

कोकण्या:
2026 ला 14 सप्टेंबरला गणपती आहेत. बाप्पाला सोडून गायी बघायला जायचं?

झुरिककर:
मग विसर्जनानंतर जा.

कोकण्या:
नंतर पितृपक्ष. आई पासपोर्ट लपवून ठेवेल.

पेठेतला:
पक्षात विमानं उडत नाहीत का? आमचा दीड दिवसाचा, आम्ही तिसऱ्या दिवशी मोकळे.

कोकण्या:
दीड दिवसवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. आमच्याकडे एकवीस दिवस, रोज भजन, आरतीला अख्खी वाडी. 60 दिवस आधी बुकिंग उघडतं आणि पापणी लवायच्या आत कोकणातल्या गाड्या वेटिंगला जातात, ते तिकीट मिळवणं तुमच्या शेंगेन व्हिसापेक्षा कठीण आहे, कळलं?

पेठेतला:
एकवीस दिवस रजा मिळते म्हणजे ऑफिसात तुमच्यावाचून काही अडत नाही हे कळलं.

कोकण्या:
रजेचं सोडा, घरच्या गणपतीवर बोलायचं काम नाही!!

मास्तरीणबाई:
भांडायला वेगळा धागा काढा ना. मी सुट्टीचं विचारत होते. दिवाळीत जमेल का?

झुरिककर:
नोव्हेंबर अजिबात नको, खाली धुकं नि वर पुन्हा केबलकारची देखभाल. त्यापेक्षा तुमचा मे बरा, शेवटचा आठवडा धरा. फक्त युंगफ्राउयोखच्या डोंगरी रेल्वेचं तिकीट आधी काढू नका. 3,454 मीटरवर बर्फ बाराही महिने असतो, प्रश्न ढगांचा आहे, सकाळी वेबकॅम बघून मगच पैसे भरा.

मास्तरीणबाई:
म्हणजे मे चालतो. हेच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर माझा अर्धा तास वाचला असता.