सोसायटीच्या ग्रुपवरचा युद्धनौकांचा व्हिडिओ उडवला, बरोबर की चूक?

कुलाबेकरीण: आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन मीच. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गच्चीवरून काढलेला नौदलाच्या जहाजांचा व्हिडिओ टाकला. मी उडवला. काका म्हणाले, "गेटवेवर पर्यटक रोज तेच काढतात, माझंच तोंड का बंद?" लिफ्टमध्ये बघतही नाहीत आता. उद्या पोलीस आले तर माझ्याच गळ्यात ना?

गिरगावकर: बरोबर केलंत. २६/११ला चॅनेलवाले ताजचं थेट दाखवत होते, आणि पाकिस्तानातले सूत्रधार ते बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनेलांना झापलंय.

वकीलबाई: जहाज वेगळं, मत वेगळं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टपायी अटक झाली. एकीने तर नुसतं लाइक केलं होतं! त्यासाठी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम २०१५ मध्ये रद्द झालं. त्याच कायद्याचं ६९अ आहेच, त्याखाली सरकारच्या आदेशाने पोस्ट ब्लॉक होते आणि आदेश गुप्त. मला धास्ती त्याची. अ‍ॅडमिनचं म्हणाल तर संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजला तो जबाबदार नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय.

कुलाबेकरीण: हुश्श. काकांनी आज सरकारवर कविता टाकलीये. ठेवते. यमक मात्र भयंकर आहे.