मदत हवी आहे: ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आठवणी कशा गोळा कराव्यात?

आमच्या वस्तीतले ज्येष्ठ कार्यकर्ते नुकतेच गेले. उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिण्यात, भांडणं मिटवण्यात गेला, पण स्वतःबद्दल त्यांनी चार ओळीही लिहून ठेवल्या नाहीत. त्यांच्यावर स्मरणिका काढतोय. सोबतचे लोकही आता थकलेत, म्हणून आधी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय. पण "कसे होते ते?" विचारलं की सगळे "देवमाणूस होते" म्हणतात आणि गप्प होतात. प्रत्यक्ष प्रसंग सांगितले जावेत म्हणून काय विचारावं? जुने फोटो समोर ठेवले तर उपयोग होतो का?

पत्रं, बैठकांची इतिवृत्तं स्कॅन करतोय. (लॅमिनेशन नको म्हटलंय, ते कागद न फाडता सहसा निघत नाही.) त्यांत अनेकांची घरगुती दुःखं आहेत. ती छापू नयेतच, असं मला वाटतं. नावं गाळून चालेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.